विसावा हिस्सा

मुंबई महापालिकेचे एकेकाळचे आयुक्त हॅरी ॲक्वर्थ यांचे नाव मराठी अभ्यासकांना ठाऊक आहे ते पोवाड्यांमुळे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत त्यांनी ऐतिहासिक पोवाडे जमवले आणि 1891 साली तो संग्रह छापून निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी ॲक्वर्थ यांनी आणखी एक काम तडीस नेले होते. रस्त्यावर भीक मागत फिरणाऱ्या निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी माटुंग्याला आश्रयस्थान उभे राहिले. त्यामागे करुणा होती, तशीच रोगाची धास्तीही होती. हे लोक नजरेआड व्हावेत असे अनेक शहरवासीयांना वाटत होते. लोकवर्गणी निघाली, दिनशा पेटिट यांच्यासारख्या धनिकांनी हात सैल सोडला. पण देणगीतून इमारत उभी राहते. रोजचे जेवण, औषध, जखमा धुणाऱ्याचा पगार हा खर्च दर महिन्याला उभा ठाकतो. तो पुढे सरकारवर आणि पालिकेवर आला. ते आश्रयस्थान म्हणजेच आजचे वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय; ते महापालिकाच चालवते.

स्थानिक करातला पैसा असहाय माणसासाठी खर्च होण्याचे महाराष्ट्रातले हे एक जुने उदाहरण. आणि ते अपवादाचे होते, नियमाचे नव्हे.

त्याआधी म्हातारा, आंधळा, पांगळा माणूस घरच्यांच्या आधारावर जगे. घर नसेल तर देवळाची पायरी, मठातले अन्नछत्र, एखाद्या सावकाराचे सदावर्त. पुण्यात 1860 च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी आश्रम सुरू झाला. नवी पेठेतला ‘निवारा’ तो हाच. पुणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी तिथल्या वृद्धांसाठी धान्य आणि कपडे पोचवले आहेत. या सगळ्यात देणाऱ्याची इच्छा असते. मागणाऱ्याला मात्र काही मागण्याचा हक्क नसतो, दाता नसला तर दाद कुठे मागायची हे ठरलेले नसते.

इंग्रजांना हक्काची कल्पना नवी नव्हती. त्यांच्या देशात 1601 पासून प्रत्येक पॅरिशने घरा-जमिनीवर कर बसवून आपल्या हद्दीतल्या वृद्ध-अपंगांना पोसायचे, असा कायदा होता. हिंदुस्थानात त्यांनी तो आणला नाही, आणि तेही विचारपूर्वक. 1876 ते 78 च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाले. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने आपल्या अहवालात स्पष्ट भीती व्यक्त केली: दुष्काळात मदत मागणे हा गरिबाचा हक्क आहे असे एकदा मानले, तर उद्या तो सदासर्वकाळचा हक्क ठरेल. म्हणून दुष्काळ संहितेत मदतीला काळाची वेस घातली गेली. धडधाकट माणसाने खडी फोडायची, तलाव खणायचा आणि मजुरी घ्यायची. ज्याला काम करवत नाही आणि ज्याला पाहणारे कोणी नाही, त्या वृद्धाला, आंधळ्याला, लुळ्याला फुकट शिधा. गावोगावी अशा माणसांच्या याद्या तयार होत. पाऊस बरा झाला, पिके हाती आली, की कामे बंद आणि याद्याही बंद. पाऊस परतला म्हणून आंधळ्याला दिसू लागत नाही, ही साधी गोष्ट त्या व्यवस्थेच्या हिशेबात कुठेच नव्हती.

याच सुमारास गावपातळीवर कर मात्र गोळा होऊ लागला होता. मुंबई इलाख्यात 1869 च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसला. त्यातला एक तृतीयांश शाळांना आणि उरलेला मुख्यतः रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना जाई. लोकल बोर्डांच्या त्या आण्यातून महाराष्ट्रातल्या असंख्य प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या, हे त्याचे मोठेच श्रेय आहे. अंध-अपंगांच्या नावाने त्या आण्यात वेगळा वाटा नव्हता.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत 40 वे कलम ग्रामपंचायतींना स्वराज्याची ताकद द्यावी असे सांगते. लगेच पुढचे, 41 वे, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे सहाय्य करावे असे सांगते. कागदावर ही दोन कलमे एकमेकांना खेटून आहेत. कारभारात त्यांची गाठ पडायला चार दशकांहून जास्त काळ गेला. अपंगांना साहाय्य हा विषय राज्याच्या सूचीत गेला, आणि राज्याने तो आपल्या महसूल यंत्रणेमार्फत चालवला. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या, शिक्षण, शेती, आरोग्य त्यांच्याकडे गेले. पण 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली तेव्हा तिचा अर्ज तहसील कचेरीतच द्यायचा होता. आजही तसेच आहे. 65 वर्षांपुढच्या गरीब वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजनाही तिथेच.

तहसील कचेरीत जाण्याचा दिवस लांबच्या वाडीवरच्या म्हाताऱ्या बाईला जड जातो. वर्षाला 21 हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, वयाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, आणि दरवर्षी हयातीचा दाखला. बँकेच्या यंत्रावर अंगठा टेकवला की कधी कधी तो उमटत नाही; आयुष्यभर शेण-माती आणि खुरपे हाताळून रेषाच पुसलेल्या असतात. मग दुसरे बोट, मग तिसरे. हातात पडणारी रक्कम 2023 मध्ये महिन्याला 1500 रुपये झाली. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची कथा याहून खेदाची: 1995 साली ते 75 रुपयांवर सुरू झाले, 2006 मध्ये 200 झाले आणि 80 वर्षांखालच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा पुढे कित्येक वर्षे तिथेच अडकून राहिला. वरची भर राज्य घालते.

गावाच्या तिजोरीचे दार उघडले ते 73 व्या घटनादुरुस्तीने. 1993 मध्ये ती अमलात आली आणि पंचायतींच्या विषयांच्या यादीत अपंगकल्याण स्पष्ट शब्दांत नोंदले गेले. 74 व्या दुरुस्तीने नगरपालिकांच्या यादीतही. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याने गरिबी निर्मूलनाच्या योजनांत तीन टक्के राखीव ठेवले. महाराष्ट्राने हाच आकडा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या स्वतःच्या उत्पन्नालाही लावला. 2016 च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 21 केले, टक्के पाच केले, आणि 2018 मध्ये राज्याच्या शासन निर्णयांनी ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चावेत असे ठरले. पंचायतीच्या कमाईतला विसावा हिस्सा. दुष्काळ असो वा सुकाळ, दाता असो वा नसो, हा हिस्सा आता कोणाच्या मर्जीवर उरलेला नाही. ॲक्वर्थ यांच्या काळात कोणी याची कल्पनाही केली नसती.

हे सहजासहजी घडले नाही. पैसा राखून ठेवायचा, मार्चअखेर तो अखर्चित दाखवायचा, ही रीत अनेक ठिकाणी पडून गेली होती. तीनचाकी सायकली आणि कुबड्या घेऊन माणसे ग्रामपंचायतींच्या आणि महापालिकांच्या दारात बसली. ‘प्रहार’सारख्या संघटनांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला. डिसेंबर 2022 मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला त्यामागे या रेट्याचा वाटा आहे.

तरी या हिश्श्याच्या मांडणीतच एक खोट आहे, आणि ती साध्या गणिताने दिसते. समजा, एखाद्या डोंगरी गावाची घरपट्टी, दिवाबत्ती कर आणि बाजार फी मिळून वर्षाची वसुली दोन लाख. पाच टक्के म्हणजे दहा हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर माणशी पाचशे रुपये, तेही वर्षाला. एमआयडीसीला लागून असलेल्या ग्रामपंचायतीत हेच पाच टक्के लाखांत जातात. गरज जिथे जास्त तिथे पैसा कमी. शिवाय घरपट्टी थकली की हा हिस्साही आटतो. चाकाची खुर्ची मिळणार की नाही, हे शेजाऱ्याने पट्टी भरली की नाही यावर ठरते.

पैसा असेल तर स्थानिक संस्था काय करू शकते, हे वाशीला दिसते. नवी मुंबई महापालिकेचे ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांना शिक्षण, प्रशिक्षण आणि उपचार एकाच छताखाली देते. पण तशी ऐपत प्रत्येक नगरपालिकेची नाही. केरळने यावर वेगळी वाट काढली. 1996 मध्ये लोकयोजना सुरू करताना त्या राज्याने आपल्या योजनेतला 35 ते 40 टक्के पैसा थेट स्थानिक संस्थांकडे वळवला. त्यातले किमान पाच टक्के मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांच्यासाठी ठेवण्याचा दंडक आहे. तिथल्या पंचायती बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘बड्स’ शाळा चालवतात, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या घरी परिचारिका पाठवतात. टक्केवारी दोन्हीकडे पाचच. तिकडे ती राज्याकडून येणाऱ्या पैशावर मोजतात, म्हणून गरीब गावालाही हाती घेण्याजोगी रक्कम मिळते.

महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेत 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले आणि साठीपुढची माणसे एक कोटीच्या वर. दिव्यांगांसाठी निदान हिस्सा ठरला आहे. नुसत्या म्हातारपणासाठी पंचायतीच्या अंदाजपत्रकात असे बंधनाचे पाच टक्के नाहीत. गुडघे गेलेल्या, मुले पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसाला 40 टक्के अपंगत्वाचा दाखला मिळाला तरच तो या यादीत बसतो. ज्या गावांची वसुली तोकडी आहे तिथे राज्याने भर घालावी आणि त्या हिश्श्यात वृद्धांची घरपोच सेवा धरावी, एवढ्या दोन दुरुस्त्या शासन निर्णयाने होण्याजोग्या आहेत. घटनेतली 40 आणि 41 ही कलमे त्यासाठी पुरेशी आहेत.