डहाणूचे औष्णिक वीजकेंद्र : एका पर्यावरणीय अटीचा इतिहास (१९८९–२००७)

प्रस्तावना :
डहाणू व तलासरी हे तालुके २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहेत. वारली आदिवासी, मच्छीमार आणि चिकू बागायतदार यांचे जीवन येथील हवा-पाण्यावर अवलंबून आहे. या परिसरातील प्रदूषण नियंत्रणाचा इतिहास एका अटीभोवती फिरतो. तिचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मंजुरी व न्यायालयीन लढा :
१९८९ मध्ये केंद्र शासनाने बीएसईएस कंपनीच्या ५०० मेगावॅट क्षमतेच्या कोळशावरील केंद्रास मंजुरी दिली. कोळशातील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे श्वसनमार्गाचा दाह होतो, पानांच्या पेशींना इजा पोहोचते आणि दमट हवेत त्याचे आम्ल बनते. म्हणून धुरातील गंधक काढणाऱ्या संयंत्राची अट घालण्यात आली. स्थानिक नागरिकांचे आव्हान १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. तथापि, परिणामांचा पूर्ण विचार केल्याविना ही अट शिथिल करू नये, असेही बजावले.

प्राधिकरणाची स्थापना :
२० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा मूळ अधिसूचनेत असल्याने शेजारच्या तलासरीचाही त्याच्याशी संबंध आला. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवरील १९९६ च्या निर्णयानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. त्याने १९९९ मध्ये संयंत्र उभारण्याचा आदेश दिला. ते २००७ मध्ये कार्यान्वित झाले. १९९५ मध्ये सुरू झालेले केंद्र तोवर सुमारे बारा वर्षे त्याविना चालले.

विवेचन :
हे संयंत्र समुद्राच्या पाण्याने धूर धुते. पाण्यातील क्षारता आम्लाचे उदासीनीकरण करते व गंधक सल्फेटच्या रूपाने पाण्यात जाते. त्यामुळे हवेबरोबरच खाडीच्या पाण्याचीही सातत्याने तपासणी होणे अगत्याचे ठरते. बागायतदाराचे नुकसान फळांच्या मोजदादीने सिद्ध करता येते. त्याच बागेतील मजुराच्या श्वासाची मोजदाद नियमित आरोग्य तपासणीवाचून होत नाही.

निष्कर्ष :
अट कागदावर असणे आणि ती अंमलात येणे यांतील अंतर नागरिकांची चिकाटी व स्वतंत्र प्राधिकरण यांमुळे मिटले. २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदरास सशर्त परवानगी दिली आहे. तेथील अटींच्या पूर्ततेस पुन्हा बारा वर्षे लागू नयेत, हाच या इतिहासाचा बोध होय.