पाणबुडीचा श्वास

डिझेलचे एंजिन विहिरीच्या तळाशी उतरवून चालवू नये, हे शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. ते माणसाच्या वाट्याची हवा खाते आणि मागे विषारी धूर ठेवते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हांला पाणबुडीचा इतिहास उमगण्यास एवढे ज्ञान पुरे आहे.

पाण्यावर डिझेल एंजिन आणि पाण्याखाली बॅटरीवरची मोटर, अशी तोड तिच्या रचनाकारांनी काढली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने सर्वांत जास्त बांधलेली ‘सात सी’ जातीची पाणबुडी पाण्यावर ताशी सुमारे ३३ किलोमीटर धावे. पाण्याखाली जेमतेम १४, तेही थोडाच वेळ. बॅटरी उतरली की वर येऊन ती भरावी लागे. म्हणजे ही पाण्याखाली राहणारी नौका नव्हे, प्रसंगी बुडी मारणारी नौका. रात्रीचा आडोसा होता तोवर हे निभले. १९४३ च्या सुमारास शत्रूच्या विमानांवरील रडारने तो आडोसाही काढून घेतला.

मग जर्मनांनी डच नौदलाची युक्ती उचलली : नळीचे नाक तेवढे पाण्याबाहेर ठेवून एंजिने चालवायची. हेच स्नॉर्केल. पुढच्या ‘एकवीस’ जातीत बॅटरी सुमारे तिप्पट केली, अंग निमुळते केले. पाण्याखालचा वेग पाण्यावरच्या वेगाहून अधिक झाला. पण मे १९४५ च्या शरणागतीपूर्वी अशा दोनच नौका मोहिमेवर निघू शकल्या. तोपर्यंत पाणबुड्यांवरील सुमारे ४०,००० जर्मन खलाशांपैकी चारांतले जवळजवळ तिघे मेले होते.

ही विद्या आमच्या किनाऱ्यापर्यंत घाव होऊनही आली. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या डिझेल पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. १९४ जण गेले. दहा वर्षांनी, डिसेंबर १९८१ मध्ये, भारताने पश्चिम जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. त्यांच्या मूळ आराखड्यामागे उलरिश गाब्लर होते. महायुद्धात जर्मन पाणबुडीवर अभियंता म्हणून काम केलेले गृहस्थ. चारांपैकी दोन नौका कील येथे झाल्या, दोन मुंबईच्या माझगाव गोदीत. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शाल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली.

या नौकांत एक पोलादी गोल बसवला आहे. अपघात झाल्यास सगळी माणसे त्यात शिरतात आणि गोल नौकेपासून सुटून वर येतो. महायुद्धातल्या खलाशाला सुटकेसाठी श्वसनाचे साधन मिळे, पण खोल पाण्यात त्याचा आधार तुटपुंजा होता.

युद्धयंत्राची थोरवी वेगाने आणि माऱ्याने मोजण्याची आपल्याला सवय आहे. आमच्या मते हा इतिहास दुसरे माप देतो. एंजिनाच्या श्वासासाठी रचनाकारांनी बुद्धी वेचली. सगळ्या माणसांच्या श्वासाची एकत्र सोय मात्र फार उशिरा झाली. तिची किंमत आधीच्यांनी भरली होती.