मीटरचा शिलिंग

लंडनमधल्या आमच्या पहिल्या खोलीत देव्हारा नव्हता. गॅसचा मीटर होता, आणि त्याला मात्र रोज नाणं वाहावं लागे.

१९६२ च्या सप्टेंबरात आम्ही टफनेल पार्कमधल्या एका जुन्या तीनमजली घरात राहायला आलो. ह्यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. खोली मिळेपर्यंत पायांचे तुकडे पडले. पेपरवाल्यांच्या काचेवर भाड्याच्या खोल्यांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत, आणि त्यांतल्या कितीतरींवर काळ्यांना जागा नाही असं उघड लिहिलेलं असे. तसं लिहिणं कायद्यानं बंद झालं ते १९६८ साली. मिळाली ती खोली वरच्या मजल्यावरची: एक खाट, एक बेसिन, भिंतीतली गॅसची शेकोटी आणि एक शेगडी. कोनाड्यात करड्या रंगाची पेटी. भोकात शिलिंग सरकवायचा, मूठ फिरवायची, नाणं आत खळ्ळकन पडायचं आणि गॅस सुरू. संपत आला की ज्योत बुटकी व्हायची, पुटपुटायची आणि विझायची. बऱ्याचदा कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आतच.

घरमालकिणीनं पहिल्या दिवशी एकच ताकीद दिली: ज्योत गेली की आधी कॉक बंद करा, मग नाणं टाका. तो गॅस कोळशापासून केलेला, त्यात कार्बन मोनॉक्साइड असे. कॉक उघडा राहिला आणि तासाभरानं कुणी शिलिंग टाकला, की न पेटलेला विषारी वायू खोलीत पसरणार. आजही मी कुठल्याही शेगडीचं बटण दोनदा चाचपते, ते तेव्हापासूनचं.

ही पेटी मूळची गरिबांसाठी आलेली. १८९० च्या सुमारास गॅस कंपन्यांच्या लक्षात आलं, की तीन महिन्यांचं बिल एकदम भरणं मजुराला जमणार नाही, पण त्याच्या खिशात रोज एखादी पेनी असते. म्हणून पेनीचे मीटर आले, आणि ज्या घरांत तोवर फक्त कोळशाची चूल होती तिथे गॅस पोचला. पुढे महागाईबरोबर पेनीची जागा शिलिंगनं घेतली. १९४९ साली गॅसचा धंदा सरकारी झाला, तरी पेटी तशीच राहिली. हिशेब मला पहिल्यापासून खटकत आला. ज्याच्याकडे पैसे असत तो आधी ऊब घेई आणि मग बिल भरी. ज्याच्याकडे नसत त्यानं आधी पैसे मोजायचे, आणि तेही चढ्या दरानं.

तळमजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहत, शिवणकाम करून निवृत्त झालेल्या. आमची ओळख शिलिंगनंच करून दिली. त्यांनी एका संध्याकाळी दार वाजवलं, तळहातावर दोन सहा पेन्सची नाणी. ‘शिलिंग आहे का हो, मीटरला?’ त्या घरात कुणी कुणाकडे साखर मागायला गेल्याचं मला आठवत नाही. मोडीसाठी मात्र सगळे एकमेकांच्या दारात. त्यांच्याकडून मी १९४७ चा हिवाळा ऐकला. खाणी नुकत्याच, १ जानेवारीला, सरकारच्या ताब्यात आलेल्या. महिनाअखेरीस बर्फ लागलं आणि कोळशाच्या वाघिणी रुळांवरच अडकल्या. इंधनमंत्री होते इमॅन्युएल शिनवेल. घरातली वीज दिवसाचे पाच तास बंद. ‘तेव्हा शिलिंग होते, पण आत टाकून फायदा नव्हता,’ बाई म्हणायच्या. गॅसचा दाब इतका उतरलेला, की पाणी कोमट होईपर्यंत चहाची वेळ टळून जाई. आणि युद्ध आपण जिंकलो होतो म्हणे, हे त्या दर वेळी शेवटी जोडायच्या.

आमच्या पहिल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी तसंच बर्फ सुरू झालं आणि मार्चपर्यंत हललं नाही. इंग्लंडमध्ये इतका थंड हिवाळा १७४० नंतर पडला नव्हता. आतून खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी. मी दादरहून आणलेल्या दोन्ही नऊवारी स्वेटरखाली गुंडाळून बसायची, पाय शेकोटीशी, पाठ गारठलेली. दिवसाचे शिलिंग ठरलेले होते. ते संपले की दिवस संपला, मग आठ वाजले असोत की नऊ.

मीटर रिकामा करायला माणूस यायचा, तो बाईंच्या स्वयंपाकघरात. आमचा मीटर घरमालकिणीचा खासगी, त्याची किल्ली तिच्याकडे, दरही तीच ठरवणार. बाईंचा मात्र थेट गॅस बोर्डाचा. तो पेटी उघडून नाणी मेजावर ओतायचा आणि वीस-वीसचे मनोरे रचायचा. वीस म्हणजे एक पौंड. बोटं इतकी सराईत की न मोजता मोजतोय असं वाटे. मग हिशेब करून जास्तीचे शिलिंग तो बाईंकडे परत सरकवायचा. बाई खूश, गल्ला फोडल्यासारख्या. त्यांचेच पैसे त्यांना परत मिळताहेत हे मी एकदा बोलले, तर हसून म्हणाल्या, ‘माहीत आहे गं. पण आज आहेत ना?’ त्या दिवशी आम्हां दोघींना केक असायचा.

दोन वर्षांची नऊ झाली. १५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्लंडमध्ये पौंडाचे शंभर पेन्स झाले, तेव्हा आम्ही दुसरीकडे राहत होतो; बाईंना भेटायला गेले. त्या वैतागलेल्या. बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड हे आयुष्यभर पाठ, आणि आता हे. मी त्यांना आमचं १९५७ सांगितलं: रुपयाचे सोळा आणे गेले, शंभर नवे पैसे आले, आणि माझी आजी मरेपर्यंत भाजीवाल्याशी आण्यातच घासाघीस करत राहिली. त्यांना ती आजी फार आवडली.

तेवढ्यात ज्योत गेली. बाईंनी आधी कॉक बंद केला, डब्यात हात घातला. हाताला आलं ते नवं पाच पेन्सचं नाणं, १९६८ पासून चालू असलेलं, मुद्दाम जुन्या शिलिंगच्याच मापाचं आणि वजनाचं केलेलं. त्यांनी ते भिंगातून उलटसुलट पाहिलं, भोकात सरकवलं, मूठ फिरवली. खळ्ळकन.