नावाचा अंतरा

लंडनच्या गोऱ्या पोरांचं गाणं आपल्या अंकात कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. कंपनीच्या कागदावर सही केली की गळा कोणाचा राहतो, हा सवाल आमच्या गायनपार्ट्यांचाही आहे.

१९७७ साल. तिकडे बेकारी वाढलेली, काळ्या वस्त्यांवर पोलिसांचा दंडुका. 'द क्लॅश' नावाचा बँड या सगळ्यावर तोंड सोडून गात होता. जानेवारीत सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीनं त्यांच्याशी एक लाख पौंडांचा करार केला. गाणं तुमचं, मर्जीही तुमची, असा भरवसा दिला. चार महिन्यांत तो भरवसा संपला. मे मध्ये कंपनीनं 'रिमोट कंट्रोल' हे त्यांचं गाणं वेगळी तबकडी काढून बाजारात ओतलं. बँडला विचारलंसुद्धा नाही.

मिक जोन्स खवळला. त्यातून 'कम्प्लीट कंट्रोल' हे गाणं झालं. शीर्षकातले शब्द मात्र त्यांच्याच मॅनेजरच्या तोंडचे. त्यालाही पोरांवर पूर्ण ताबा पाहिजे होता. म्हणजे मालक एक नव्हे, दोन! ध्वनिमुद्रणाला त्यांनी जमैकाचा काळा संगीतकार ली 'स्क्रॅच' पेरी बोलावला. पँथर हे नाव आपण १९७२ मध्ये काळ्यांच्या लढ्यातून घेतलं, या पोरांनी त्यांचा रेगे घेतला.

सप्टेंबरमध्ये तबकडी आली. काढली कोणी? सीबीएसनंच! कंपनीला दिलेल्या शिव्या कंपनीच्याच कारखान्यात छापल्या, विक्रीचा गल्लाही तिचाच. इंग्लंडच्या यादीत गाणं २८ व्या क्रमांकावर गेलं. पुढं १९९१ मध्ये याच बँडचं दुसरं एक गाणं जीनपँटच्या जाहिरातीत वाजलं आणि थेट पहिल्या क्रमांकावर पोचलं. आमच्या मोहर्लीच्या गेटावर वाघ पाहायला आलेल्या एका पोराच्या छातीवर मी त्या बँडचं नाव पाहिलं. विद्रोह आता गंजीवर छापून मिळतो.

त्यांचा राग खोटा होता, असं मी म्हणत नाही. पण त्यांचा मुख्य गायक जो स्ट्रमर हा परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, बोर्डिंग शाळेत शिकलेला. पडला तरी खाली गादी होती. आमच्या शाहिराच्या खाली जमीनच, तीही दुसऱ्याची.

आपल्याकडं गाणं आधी आलं, कागद फार नंतर. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव पोचली ती माणसांच्या पायांनी आणि तोंडांनी. मालकी कशी ओळखायची? शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव. वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतो. हाच आपला सातबारा. मग कॅसेट आली. भीमगीतं घराघरांत वाजू लागली, ही कॅसेटची कमाई नाकारता येत नाही. पण कॅसेटसंगं कंपनीवालाही आला.

आमच्या पार्टीला अशाच एका कंपनीनं बोलावलं. मी कोरसात होतो. एकदाच हातावर काही नोटा टेकवल्या, इंग्रजी कागदावर शाहिरांचा अंगठा घेतला. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात दीक्षा दिली, त्या दिवसाची जत्रा दरसाल चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर भरते. तिथल्या एका स्टॉलवर आमची कॅसेट वाजत होती. शाहीर कान देऊन उभे राहिले. शेवटचं कडवं आलंच नाही. गाणं लांबतं म्हणून कापलेलं. वेष्टनावरही नाव नाही.

"माहं नावच खाल्लं बे त्यायनं," एवढंच बोलले.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आता कंपनीला लिहून घेता येत नाही, सही असो की अंगठा. तोवर शाहिरांची राख होऊन गेली होती.

त्यांची गाणी आम्ही अजून गातो. नावाचा अंतरा दुसऱ्या कडव्यातच घेतो.