लाळग्रंथीच्या गाठीचा आयएचसी रिपोर्ट: ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कर्करोगच असे नाही

लाळग्रंथीच्या गाठीची बायोप्सी झाली, की काही वेळा रिपोर्टसोबत आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, या तपासणीची यादी येते. एस-१०० पॉझिटिव्ह, सीडी-११७ पॉझिटिव्ह, केआय-६७ पाच टक्के वगैरे. ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरातले सगळे घाबरतात. इथे त्याचा अर्थ इतकाच, की गाठीच्या पेशींत ते प्रथिन सापडले.

गाठी कुठे होतात?

कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. तोंडाच्या अस्तरात शेकडो लहान ग्रंथीही असतात. बहुतेक गाठी कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीत होतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा साध्या असतात. जिभेखालच्या आणि लहान ग्रंथींत गाठी कमी होतात, पण तिथे कर्करोगाचे प्रमाण जास्त असते.

तपासणी कशी होते?

गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेतात. त्यावर ठरावीक प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी टाकतात. प्रथिन असेल तिथे रंग, बहुधा तपकिरी, उमटतो. ही रक्ताची तपासणी नाही.

मग साधी गाठ आणि कर्करोग कसे ओळखतात?

अनेक प्रथिने दोन्हींत सापडतात. एस-१०० हे प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा या सर्वांत जास्त आढळणाऱ्या साध्या गाठीत दिसते आणि काही कर्करोगांतही. प्लॅग-१ या साध्या गाठीची ओळख पटवते, पण तिच्यातूनच पुढे कर्करोग झाला असेल तर तिथेही ते दिसू शकते.

म्हणून पॅथॉलॉजिस्ट आधी पेशींची रचना पाहतात. गाठीची कड स्पष्ट आहे का? पेशी शेजारच्या भागात किंवा मज्जातंतूत घुसल्या आहेत का? सुईच्या तपासणीत (एफएनएसी) हे नीट दिसत नाही. त्यामुळे काही वेळा अंतिम निदान पूर्ण गाठ काढल्यावरच होते.

मार्कर काय सांगतात?

• केआय-६७: किती टक्के पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत. आकडा जास्त असेल तर गाठ वेगाने वाढणारी असण्याची शक्यता जास्त. पण आकडा कमी म्हणजे गाठ साधीच, असे नाही.
• सीडी-११७ आणि एमवायबी: ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाकडे बोट दाखवतात. हा कर्करोग सावकाश वाढतो, मज्जातंतूंच्या कडेने पसरतो आणि अनेक वर्षांनीही परतू शकतो. सीडी-११७ इतर गाठींतही दिसते.
• डॉग-१: ॲसिनिक सेल कार्सिनोमा ओळखायला मदत करते.
• एस-१०० आणि मॅमाग्लोबिन दोन्ही ठळक: सिक्रेटरी कार्सिनोमाची शंका येते. तेव्हा एनटीआरके या जनुकबदलाची तपासणी करतात. तो सापडला आणि आजार पसरलेला असेल, तर लॅरोट्रेक्टिनिबसारखे औषध उपयोगी पडू शकते.
• अँड्रोजन रिसेप्टर आणि हर-२: सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा या आक्रमक कर्करोगात तपासतात. पॉझिटिव्ह असल्यास हार्मोनविरोधी किंवा हर-२ विरोधी औषधांचा विचार करता येतो. म्हणजे इथे ‘पॉझिटिव्ह’मुळे उपचाराचा एक पर्याय वाढतो.

डॉक्टरांना काय विचाराल?

• गाठीचे नेमके नाव काय? ती साधी आहे की कर्करोगाची?
• कर्करोग असल्यास ग्रेड कोणता?
• काढलेल्या भागाच्या कडा गाठीपासून मोकळ्या आहेत का?
• जनुक तपासणीची गरज आहे का?
• पुढची तपासणी किती वर्षे चालू ठेवायची?

शंका वाटल्यास दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्या. या गाठींचे प्रकार खूप आणि एकमेकांसारखे दिसणारे असल्याने असे मत घेणे नेहमीचेच आहे. त्यासाठी रिपोर्टसोबत काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही मागून घ्या आणि जपून ठेवा.

गाठ साधी निघाली तरी डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया टाळू नका. प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा वर्षानुवर्षे तसाच ठेवला, तर काहींमध्ये त्याचा कर्करोग होतो. गाठ अचानक वाढू लागली, दुखू लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा मानेत नवी गाठ लागली, तर ताबडतोब कान-नाक-घसा तज्ज्ञांना किंवा कर्करोग शल्यचिकित्सकांना दाखवा.