क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणजे कोण? सही करण्याआधी काय विचारावे?

मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत डॉक्टरांनी तपासल्यावर कधी कधी एखादी व्यक्ती फाइल घेऊन तुमच्याकडे येते आणि "एका अभ्यासात भाग घ्याल का?" असे विचारते. अंगात पांढरा कोट असला तरी ती तुमच्यावर उपचार करणारी डॉक्टर असेलच असे नाही. बहुधा ती क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर असते.

या कामात बी.फार्म., बी.एस्सी., नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस अशा अनेक वाटांनी माणसे येतात. काहींनी पुढे क्लिनिकल रिसर्चमध्ये एम.एस्सी. किंवा पदविका केलेली असते. त्यात चाचणीचे नियम, नोंदी ठेवणे आणि संमतीची पद्धत शिकवतात, पण ही पदवी म्हणजे रुग्णावर उपचार करण्याचा परवाना नव्हे. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवीचेही तसेच आहे. त्यामुळे तपासणीच्या तारखा, रक्ताचे नमुने, प्रवासखर्च याबद्दल कोऑर्डिनेटरला जरूर विचारा. डोस बदलणे किंवा चालू औषध थांबवणे हे मात्र चाचणीच्या जबाबदार डॉक्टरांनीच ठरवायचे असते. त्यांना भेटायची मागणी करताना संकोचू नका.

सही करण्याआधी पुढील गोष्टी स्पष्ट करून घ्या. नवीन औषध मला नक्की मिळणार, की कोणाला काय मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरणार? प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, मिळू शकते का? सध्याच्या औषधांचे काय? आणि नाही म्हटले तर? याचे उत्तर ठाम आहे: नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलात, तरी तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. "डॉक्टरांना वाईट वाटेल" म्हणून सही करणारे रुग्ण मी बरेच पाहिले आहेत. तसे अजिबात करू नका.

माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे. ते घरी नेऊन वाचा, घरच्यांशी बोला. रुग्ण शुद्धीवर आणि निर्णय घेण्यास सक्षम असेल, तर त्याच्याऐवजी मुलाने किंवा पतीने सही करून चालत नाही. वाचता येत नसेल, तर संमतीच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हवा. सही केलेली एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. नवीन औषधाच्या चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. तिचा नोंदणी क्रमांक मागून घ्या, वेबसाइटवर ती कोणालाही पाहता येते.

चाचणीदरम्यान त्रास झाला तर २०१९ च्या नियमांनुसार त्यावर मोफत उपचार मिळतात आणि इजा चाचणीमुळे झाल्याचे ठरल्यास भरपाईही मिळते. म्हणून चाचणीच्या डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले, तर तिथल्या डॉक्टरांना संमतीपत्राची प्रत आधी दाखवा.