निनावी हत्यारे

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघाले की वाटेत मार्गासनी लागते. राजगडाला जाणारे येथून साखरेकडे वळतात. त्यांचे डोळे गडाकडे. रस्त्याकडेच्या मेस्त्रीच्या पत्र्याच्या शेडकडे कोण पाहतो? अशाच एका शेडमध्ये माझे वडील, आप्पा, मोटारी दुरुस्त करीत. त्यांच्यामागे हत्यारांची एक पेटी आणि एक मोडकी विलीज जीप एवढीच इस्टेट माझ्या वाट्याला आली.

पेटी उघडली तेव्हा मी एक शहाणपणा केला. कंपनीचा छाप असलेले पाने ठेवून घेतले आणि ठोकून-वाकवून केलेले सारे निनावी लोखंड भंगारवाल्याला वजनावर दिले. त्याने एक वस्तू तेवढी परत टाकली. टोकाकडे पायरीपायरीने निमुळता होत गेलेला तो लाकडाचा तुकडा होता. लाकूड तो घेत नसे.

वास्तविक मोटारीच्या जन्मापासून अशी हत्यारे तिच्यासोबत आहेत. कार्ल बेंझने १८८६ साली मोटारीचे पेटंट घेतले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन त्याच्या मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली. बाईंनी टोपीची टाचणी काढून ती मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले.

आपल्याकडे अडचण आणखी निराळी होती. इंग्रजी मोटारींचे आटे जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडलेल्या मापाचे, ५५ अंशांचे. अमेरिकन जीपचे ६० अंशांचे. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या जाडीचा आकडा, तर अमेरिकन पान्यावर नटाच्या रुंदीचा. त्यामुळे अर्धा इंच लिहिलेले दोन पाने एकाच नटाला बसत नसत. पुढे १९५४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट अकराशे निघू लागली, ती मिलिमीटरची भाषा बोलणारी. एकाच रस्त्यावर नटबोल्टांची तीन घराणी! आडगावच्या मेस्त्रीने सगळ्यांचे पाने आणायचे कोठून? तो लोहाराच्या भात्यापाशी जाऊन बसे आणि हवा तसा पाना वाकवून आणी.

गेल्या उन्हाळ्यात मी जीप खोलली. क्रँकच्या टोकातला गनमेटलचा झिजलेला बुश काही केल्या निघेना. कसाबसा कोरून काढला. नवा बसवला, तर क्लचने छळ मांडला. क्लचच्या तबकडीचा आणि बुशाचा मध्य एका रेषेत नसेल, तर गिअरपेटीचा दांडा आत शिरत नाही. दोन दिवस मी पेटी ढकलीत होतो. आप्पांच्या हाताखाली शिकलेले एक वयस्क मेस्त्री तेथे आले.

"कशाला ढकलतोस, बाळा? आप्पांचं लाकूड कुठाय?"

मी धावत जाऊन तो तुकडा आणला. त्यांनी त्याचे निमुळते टोक बुशात घातले, जाड पायरीवर तबकडी बसवली, वरचे बोल्ट आवळले आणि लाकूड ओढून काढले. पेटी पहिल्याच प्रयत्नात आत गेली.

"आणि बुश कसा काढलास? गज होता की त्याला."

"कसला गज, काका?"

"भोकात ग्रीज भरायचं, बरोबर मापाचा गज घालायचा आन् हातोडा मारायचा. ग्रीजला जायला वाट नसते. ते मागनं बुशाला बाहेर रेटतं."

गज भंगारात गेला होता, हे सांगताना माझी मान खाली गेली. ते काही बोलले नाहीत.

मोटारींचा इतिहास आपण हौसेने लिहितो. कोणत्या सालची, कोणत्या कारखान्याची, कोणा संस्थानिकाची, हे सारे नोंदवतो. कंपनीच्या हत्याराला नंबर असतो, पुस्तक असते. घरच्या हत्याराचे पुस्तक म्हणजे ते करणारा माणूस. तो गेला की उरते नुसते लोखंड.

मी त्या लाकडावर शाईने लिहून ठेवले आहे : 'विलीज जीप, क्लच. आप्पांनी केले.' नवा गज नसरापूरला लेथवर कातून घेतला, त्यावरही नाव घातले. भंगारवाल्याच्या काट्यावर त्या दिवशी अकरा किलो भरले होते. त्यातल्या उरलेल्या तुकड्यांनी कोणकोणती कामे होत असत, हे त्या मेस्त्रीकाकांनाही आता सगळे आठवत नाही.